चौदात एक कमी

आमच्या घरात दोन ज्येष्ठ नागरिक आहेत. एक आई, वय 84. दुसरा माझ्या टेबलाखालचा काळा डबा, ज्याला उभा महाराष्ट्र ‘सीपीयू’ म्हणतो. सीपीयू म्हणजे आतला तो कॅरमच्या स्ट्रायकरएवढा चौकोन, डब्याला कॅबिनेट म्हणावं, हे मी तीस वर्षं गिऱ्हाइकांना समजावत आलो. ते मान डोलवायचे आणि जाताना विचारायचे, “मग सीपीयू केवढ्याला पडला?” डबा 2016 साली असेंबल केलेला; म्हणजे कॉम्प्युटरच्या हिशेबाने आईच्याच वर्गातला. दोघांची तब्येत ठणठणीत. सकाळी सुरू व्हायला जरा वेळ लागतो आणि मधूनच घुं घुं आवाज येतो, तेवढं सोडलं तर दोघांबद्दलही तक्रार नाही.

माझा धंदा डीटीपीचा. लग्नपत्रिका, पतपेढ्यांचे अहवाल, शाळांच्या स्मरणिका, आणि श्रावण लागला की दिवाळी अंक. 2025 च्या ऑगस्टात, गणपतीला तीन दिवस उरलेले असताना, मी एका अंकाच्या कविता विभागात अडकलो होतो. एकशे बारा कविता, पानं चौदा. अशा नाजूक वेळी पडदाभर एक निरोप पसरला. विंडोज 10 ची साथ 14 ऑक्टोबर 2025 ला संपते आहे, आणि विंडोज 11 साठी तुमचा कॉम्प्युटर पात्र नाही.

“काय म्हणतोय?” आईने पलंगावरून विचारलं.

“म्हणतोय, ऑक्टोबरनंतर मला धरू नका.”

“का? चालतोय की चांगला.”

“चालतोय गं. पण पुढे चालायला लायक नाही, असं वरून आलंय.”

आई क्षणभर विचारात पडली. मग म्हणाली, “हयातीचा दाखला मागत असतील.”

आई फॅमिली पेन्शन घेते. दर नोव्हेंबरात बँकेत जाऊन आपण जिवंत असल्याचं सिद्ध करते. त्यामुळे तिला जगातल्या बहुतेक गोष्टी दाखल्यापाशी येऊन थांबतात असं वाटतं. मी हसलो. नंतर वाचायला बसलो, तेव्हा कळलं की ती शब्दशः बरोबर होती.

पात्रता तपासायला एक छोटा प्रोग्रॅम मिळतो. तो चालवला. मेमरी 4 जीबी हवी, माझी 8, बरोबरची खूण. डिस्क 64 जीबी हवी, माझी चौपट, बरोबरची खूण. टीपीएम 2.0: फुली. पहिली फुली दिसली की तिथेच थांबायचं आणि घाबरायचं, ही शाळेपासूनची सवय. खाली आणखी एक फुली होती. तीस वर्षं मुद्रितं तपासलेल्या माणसाने ती पाहिली नाही. हा लेख त्या न पाहिलेल्या फुलीमुळे झालेला आहे.

टीपीएम म्हणजे ट्रस्टेड प्लॅटफॉर्म मोड्यूल. विश्वासार्ह फलाट! रोज लोकलने जाणाऱ्या माणसाला हे दोन शब्द शेजारी शेजारी बसलेले बघूनच गंमत वाटते. प्रत्यक्षात ही मदरबोर्डावरची एक चिमुकली चिप. काम काय, तर सोसायटीच्या वॉचमनचं. कॉम्प्युटर सुरू होताना आधी कोण आत आलं, मग कोण आलं, त्याच्यामागून कोण, हे सगळं ती आपल्या वहीत मांडते. येणाऱ्या प्रत्येक प्रोग्रॅमचा हिशेबाने काढलेला एक ठसा घ्यायचा आणि तो आधीच्या ठशांत मिसळून टाकायचा. वहीत निदान 24 रकाने असतात, आणि त्यांत खाडाखोड करता येत नाही. आमटीत मीठ टाकता येतं, टाकलेलं काढता येत नाही, तसं. आमच्या वॉचमनसारखीच ही चिपही स्वतः कुणाला अडवत नाही, नुसती नोंद करते. फरक एवढाच की तिच्याकडे किल्ल्याही असतात. डिस्क कुलूपबंद केलेली असेल आणि आजचे ठसे कालच्या ठशांशी जुळले नाहीत, तर ती किल्ली देत नाही. मग 48 आकडी क्रमांक शोधत बसा, जो तुम्ही कधीतरी ‘नीट’ ठेवला होता.

शिवाय ही चिप दाखला देते. समोरच्याला सही करून सांगते की हा कॉम्प्युटर तोच आहे, ह्याच्यात काही लबाडी शिरलेली नाही. त्या कामाला तिकडे जो शब्द वापरतात, तो आपल्या भाषेत ‘साक्षांकन’.

इथे मला गहिवरून आलं. माझ्या पिढीचं निम्मं तारुण्य साक्षांकित प्रतींत गेलं. मूळ प्रत एका हातात, झेरॉक्स दुसऱ्या हातात, आणि राजपत्रित अधिकारी जेवायला गेलेले. ते यायचे, मूळ प्रतीकडे ढुंकूनही न बघता पंधरा कागदांवर हिरव्या शाईने सह्या ठोकायचे, आणि तेवढ्याने आपण आपणच आहोत हे सिद्ध व्हायचं. मग 2014 च्या सुमाराला सरकारलाच उपरती झाली. स्वयंसाक्षांकन चालेल म्हणाले; म्हणजे तुमच्या खरेपणाला तुमचीच सही पुरे. आणि योगायोग बघा, टीपीएम 2.0 चा आराखडा जाहीर झाला तोही 2014 मध्येच. ज्या वर्षी आपलं सरकार, साक्षात आपलं सरकार, माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवायला लागलं, त्याच वर्षी कॉम्प्युटरने राजपत्रित अधिकारी नेमायचं ठरवलं.

तसं सुरक्षेचं हार्डवेअर आम्हा डीटीपीवाल्यांना नवं नाही. नव्वदच्या दशकात मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरबरोबर डोंगल यायचं. कॉम्प्युटरच्या पाठीमागे प्रिंटरच्या पंचवीस पिनांच्या खोबणीत ते बसवायचं, त्याच्या पाठीवर प्रिंटरची वायर. डोंगल नसेल तर ‘क’सुद्धा उमटायचा नाही. हरवलं तर दुसरं पुन्हा पूर्ण किमतीचं, म्हणून मी दुकान बंद करताना ते काढून शर्टाच्या खिशात घालून घरी आणत असे. दागिने लॉकरला, डोंगल खिशात. एकदा शर्टाबरोबर ते धुतलंही गेलं. पिळून वाळत घातलं गेलं की नाही, हे सौ.ने आजवर सांगितलेलं नाही. तीन दिवस तांदळाच्या डब्यात ठेवलं आणि चौथ्या दिवशी त्याने ‘क’ काढला. पुढे यूएसबीवरचं डोंगल आलं. ते अजून या काळ्या डब्याला लटकलेलं आहे, आणि डबा बदलायला मी तयार नव्हतो तो त्याच्याचपायी. वीस वर्षांचं काम जुन्या फॉन्टांत आहे. दुसऱ्या कॉम्प्युटरवर ती फाइल उघडली की ज्ञानेश्वरीवरचा लेख कीबोर्डावरून मांजर चालत गेल्यासारखा दिसतो.

म्हणजे तेव्हा बाहेर लटकणारं हार्डवेअर विचारायचं, हा माणूस चोर तर नाही? आता आत बसलेलं हार्डवेअर विचारतं, हा कॉम्प्युटर चोर तर नाही? प्रगती म्हणायची ती हीच असावी.

वाचता वाचता एक दिलासा मिळाला. पुष्कळ जुन्या मदरबोर्डांवर टीपीएम नसला तरी तो बसवायची जागा असते, आणि चिप लावलेली एक छोटी पट्टी वेगळी विकत मिळते. मी डबा आडवा पाडला आणि कुशीची पत्र्याची बाजू उघडली. आत नऊ वर्षांची धूळ होतीच. शिवाय पालीची दोन रिकामी अंडी, एक हरवलेली यू-पिन, आणि पंख्याच्या जाळीत अडकलेल्या झेंडूच्या वाळक्या पाकळ्या. दर खंडेनवमीला हळदकुंकू वाहून डब्यावर फूल ठेवतो, त्या पूजेचा प्रसाद पंखा आत ओढून घेत आलेला. बोर्डाच्या खालच्या काठाशी, धुळीत फुंकर मारल्यावर, मुंगीच्या अक्षरांत तीन अक्षरं दिसली: टीपीएम. शेजारी पिनांच्या दोन ओळी. एकीत सात, दुसरीत सहा. एक पिन पडलीय या कल्पनेने माझा श्वास अडकला. नंतर कळलं, ती मुद्दाम गाळलेली असते, पट्टी उलटी बसू नये म्हणून. बोर्डाच्या पुस्तकात त्याला ‘14-1’ लिहितात. तेरा म्हणत नाहीत. चौदात एक कमी.

जिथे चौदा पिना आहेत तिथे सगळ्यांकडे चौदा असतील, असं भोळ्या माणसाला वाटेल. एका कंपनीच्या बोर्डाला चौदात एक कमी, दुसऱ्या कंपनीच्या बोर्डाला विसात एक कमी, आणि काही नव्या बोर्डांना बारात एक कमी. पिना मोजून सारख्या भरल्या, तरी मागची जोडणी वेगळी असू शकते. नाडी एक असली तर पत्रिका जुळत नाही एवढंच आपल्याला माहीत. इथे सगळं एक असूनही जुळत नाही.

मी लॅमिंग्टन रोडला जायचं ठरवलं. पाटीवर त्याचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण त्या नावाने पत्ता विचारलात तर दुकानदारही तुमच्याकडे सहानुभूतीने बघतो. निघताना आईने अडवलं.

“पितृपक्षात खरेदी करतोस?”

“खरेदी नाही, दुरुस्ती आहे.”

“दुरुस्तीला पैसे लागत नाहीत वाटतं.”

दादरला पूल ओलांडून स्लो लोकल पकडली आणि ग्रँट रोडला उतरलो. पहिल्या दुकानात टीपीएम मागितला. पोरगा म्हणाला, “आरजीबीवाला?” मी म्हटलं, त्यात दिवे नसतात. त्याचा रस संपला. दुसऱ्या दुकानात सल्ला मिळाला, “अंकल, बोर्ड ही बदल दो ना.” तिसऱ्यात वीस पिनांची पट्टी पुढे आली, माझी चौदांची आहे म्हटल्यावर “बैठ जाएगा, थोडा दबा के” असं उत्तर आलं. चौथ्या दुकानातल्या म्हाताऱ्या शेठजींनी मात्र न बोलता मागची स्टीलची बरणी उतरवली. 2021 च्या जूनमध्ये विंडोज 11 ची घोषणा झाली, तेव्हा ह्या पट्ट्यांच्या किमती रातोरात कशा भडकल्या, हे त्यांनी मला असं सांगितलं जसं आमचे आजोबा युद्धातल्या घासलेटच्या रांगांबद्दल सांगायचे. बरणीतून दोन पट्ट्या काढून त्यांनी काउंटरवर ठेवल्या. दोन्ही चौदात एक कमी. दोन्ही जुळ्या बहिणी.

आणि इथे माझं शिक्षण कामाला आलं. टीपीएमचीही जुनी आणि नवी आवृत्ती असते, 1.2 ची चिप आणि 2.0 ची चिप वरून हुबेहूब सारखी दिसते. जुनीला ठसा घ्यायची एकच पद्धत येते, तीही आता कच्ची ठरलेली. ओळखायचं ते चिपवरच्या आकड्यावरून, आणि तो आकडा काळ्यावर करड्या रंगात, खसखशीएवढा. माझ्या खिशात ऑफसेटचे ठिपके तपासायचं भिंग कायम असतं. ते डोळ्याला लावून मी वाकलो. पहिलीवर इन्फिनिऑन कंपनीचं नाव, खाली 9660. म्हणजे जुनी. दुसरीवर 9665. हीच ती! शेठजी माझ्याकडे बघत म्हणाले, “सोने का काम है क्या आपका?” 1800 रुपये मोजले. दागिना खिशात घालून, वरून हात दाबून धरून डोंबिवलीला आलो. शर्ट धुवायला टाकण्यापूर्वी खिसा तपासला.

पट्टी बसवताना हात थरथरत होते. गाळलेल्या पिनेसमोर बुजवलेलं भोक धरलं, अंगठ्याने दाबलं, ‘टक्’ असा आवाज आला. त्या एका ‘टक्’साठी माणूस कितीतरी उद्योग करतो. डबा सुरू केला. तपासणीचा प्रोग्रॅम चालवला. टीपीएम: फुली.

खालच्या मजल्यावर इंजिनीअरिंग शिकणारी एक मुलगी आहे. तिला बोलवायचं टाळत होतो, कारण तिच्या वडिलांना मी गच्चीतल्या गळतीवरून सोसायटीच्या सभेत बोललो होतो. पण खंडेनवमीला ती स्वतःच आली. तिच्या ड्रॉइंगच्या सामानाला आमच्या बागेतली शेवंती हवी होती. माझं तोंड बघून बसली. डबा बंद करून चालू केला आणि कीबोर्डावरचं डिलीटचं बटण सुतारपक्ष्यासारखं टोचत राहिली. बायोस उघडलं. दोन पानं उलटली, थांबली, आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, “काका, तुमच्याकडे टीपीएम आहे.”

“आहे म्हणजे? 1800 रुपयांचा आहे.”

“तो नाही. आधीपासूनचा. प्रोसेसरच्या कंपनीने फर्मवेअरमध्येच दिलेला असतो. पीटीटी म्हणतात. 2016 पासून आत आहे, फक्त बंद ठेवलेला. ही पट्टी लागतच नव्हती.”

काखेत कळसा आणि गावाला वळसा हे मी आजवर शेकडो वेळा टाइप केलेलं आहे. त्या वळशात दादरचा पूलही येतो, हे माहीत नव्हतं.

तिने तो आतला टीपीएम चालू केला. मग डिस्कची जुन्या पद्धतीची मांडणी बदलून नव्या पद्धतीची केली. तेवढा वेळ मी दिवाळी अंकाचा पेनड्राइव्ह मुठीत धरून देवापुढे बसलो होतो. मग सिक्युअर बूट का काय ते लावलं. पुन्हा तपासणी. टीपीएम 2.0: बरोबरची हिरवी खूण! मी साखर आणायला उठलो.

“काका, थांबा. खाली अजून एक फुली आहे.”

प्रोसेसर. इंटेल कोअर आय फाइव्ह, सहावी पिढी. यादीत आठव्या पिढीपासून पुढचे. सातव्यातले दोन-चार मोजके नातलग ओळखीवर आत गेलेत म्हणे, बाकी सरसकट अपात्र. मला आपल्या भाषेची थोरवी त्या क्षणी पटली. सात पिढ्यांचा उद्धार करणे, हा वाक्प्रचार ज्याने काढला त्याने ती यादी पाहिली असणार. आणि हे असले शोध लागण्याआधी मी ऐन पितृपक्षात खरेदी करून आलेला!

“म्हणजे नेमकं काय चालत नाही?” आईने विचारलं.

“सीपीयू.”

“मग एवढा वेळ त्या पंख्यापाशी काय शोधत होतास? सीपीयूच चालत नाही म्हणताहेत ना? हा आख्खा?” तिने डब्याकडे बोट केलं.

मी पहिल्यांदाच ती दुरुस्ती केली नाही.

मुलीने धीर दिला. म्हणाली, “बायपास करता येतं काका. इन्स्टॉल करायचा पेनड्राइव्ह बनवताना एक खूण करायची, की तो टीपीएम आणि प्रोसेसर विचारतच नाही. पुष्कळजण करतात. फक्त पुढचे अपडेट मिळतील याची हमी नसते.”

“म्हणजे खोटा दाखला लावायचा?” आईने विचारलं. ती गुडघ्यांचं तेल चोळत होती, मान वर न करता. मुलगी गप्प झाली. मीही. दीड महिना सुरक्षा, विश्वास, साक्षांकन असं घोकून शेवटी मागच्या दाराने जायचं, तर मग पाठीला लटकलेल्या त्या डोंगलने माझ्याकडे कुठल्या नजरेने बघायचं?

उरला तिसरा मार्ग, तो म्हणजे मुदतवाढ. सरकारी खात्यातून निवृत्त होऊ घातलेल्या माणसांना हा शब्द कसा गोड लागतो ते मला आता कळलं. विंडोज 10 ला आणखी एक वर्ष, 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत, सुरक्षेची डागडुजी मिळते. त्यासाठी 30 डॉलर भरा, किंवा कंपनीचे 1000 बक्षीसगुण साठवलेले असतील तर ते द्या, किंवा खातं उघडून आपल्या सेटिंग्ज त्यांच्याकडे जपायला ठेवा. मी तिसरं केलं. माझ्या सेटिंग्जमध्ये जपण्यासारखं होतं काय, तर भिंतीवर लावतात तसं लावलेलं गणपतीचं चित्र. ते आता परदेशात सुखरूप आहे.

अंक दसऱ्यानंतर आठव्या दिवशी छापायला गेला. कविता एकशे दहाच बसल्या. 14 ऑक्टोबरला मंगळवार होता. रात्री मी डबा नेहमीप्रमाणे बंद केला, आणि उगाच त्याच्या डोक्यावर हात ठेवला. 15 ला सकाळी भीत भीत बटण दाबलं. घुं घुं झालं आणि डोंगलने ‘क’ काढला.

1800 रुपयांची ती पट्टी आता टेबलाच्या खणात, धुतलेल्या डोंगलशेजारी, एका तपकिरीच्या डबीत आहे. मध्ये एक गिऱ्हाईक बघून म्हणालं, काय हो, कानातलं आहे का?

नोव्हेंबरात आईला बँकेत नेलं. गेल्या दोन वर्षांत तिचा अंगठा यंत्राला पटेनासा झालाय. चौऱ्याऐंशी वर्षं भाकऱ्या थापल्यावर रेषा उरणार कुठून? आता मोबाइलवर चेहरा दाखवून काम होतं. बँकेतल्या पोरीने फोन आईच्या तोंडासमोर धरला आणि म्हणाली, “आजी, डोळे मिचकावा.” आई बावरली. भरल्या बँकेत, सुनेसमोर, डोळे मिचकावायचे? पोरीने पुन्हा सांगितलं, तेव्हा तिने आधी डावा, मग उजवा असा एकेक मिचकावला. यंत्र खट्टू झालं. दोन्ही एकदम मिचकावल्यावर मात्र तिची हयात मंजूर झाली, एका वर्षासाठी.

घरी आल्यावर ती पलंगावर टेकली. मी डबा सुरू केला, एका मुंजीची पत्रिका द्यायची होती. डिस्कचा तो लाल दिवा लुकलुकायला लागला. आई बराच वेळ त्याच्याकडे बघत होती.

“अरे,” ती म्हणाली, “हा मघापासून एकच डोळा मिचकावतोय. म्हणून नसतील धरत त्याला.”